शाळेतला ‘तो’ तास आणि आपलं देवाधर्माचं घर



बैठकीत आपण हप्ता, व्याज, खेळतं भांडवल यावर बिनधास्त बोलतो. कुणाचा हप्ता थकला तर तोंडावर विचारतो. पण शाळेत सातवी-आठवीच्या मुलींना शरीराची, वयात येण्याची माहिती देणार आहेत असं कुणी सांगितलं की आपला आवाज खाली जातो. मग कुणीतरी म्हणतं, “हे शाळेत कशाला? आपल्या घरात असलं काही बोलत नाहीत.”

असं म्हणणाऱ्या बाया अडाणी नाहीत. त्या माळकरी आहेत, रोजे धरणाऱ्या आहेत, गुरुवार-शनिवार करणाऱ्या आहेत, विहारात वंदनेला जाणाऱ्या आहेत. मुलांना चांगलं वळण लागावं म्हणून त्या जीव टाकतात. त्यामुळे “तुम्ही जुन्या विचारांच्या” म्हणून त्यांना गप्प करणं बरोबर नाही. त्यांची भीती काय आहे ते आधी ऐकू, मग तिला उत्तर शोधू.

भीती कशाची वाटते?

नांदगावात बोला, मनमाडात बोला, एखाद्या तांड्यावर किंवा वस्तीवर बोला, धर्म वेगळा असला तरी बोलणं बहुतेक सारखंच ऐकू येतं.

पहिली भीती: नसतं काहीतरी वेळेआधी डोक्यात भरवतील आणि पोर बिघडेल.

दुसरी: कोण शिकवणार? पुरुष मास्तर असले तर? मुलं-मुली एकत्र बसवली तर? चित्रं कसली दाखवणार?

तिसरी: हे आपल्या धर्मात बसत नाही, हे बाहेरच्या देशाचं खूळ आहे.

चौथी भीती तोंडावर कुणी सांगत नाही, पण असते. मुलीला ‘सगळं माहिती आहे’ असं गावात झालं तर तिच्या लग्नाचं कसं होणार?

यातली दुसरी भीती अगदी रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आपल्या हातात आहे. तो पुढे सांगते. बाकीच्या तीन एकेक करून पाहू.

२००७ साली काय झालं होतं?

हा वाद आपल्या राज्यात नवा नाही. केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता. एड्सचा प्रसार रोखणं हा त्याचा एक मोठा हेतू होता. २००७ साली महाराष्ट्राच्या विधानसभेत आमदारांनी त्यावर आक्षेप घेतला. चित्रं आणि मजकूर आपल्या संस्कृतीला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सत्तेतले आणि विरोधातले, दोन्हीकडचे आमदार त्यात होते. शेवटी राज्य सरकारने तो कार्यक्रम थांबवला. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक अशा आणखी राज्यांनीही तसंच केलं. पुढे २००९ साली राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेतल्या लैंगिक शिक्षणाच्या विरोधात अहवाल दिला.

आता यात एक गोष्ट लक्षात घ्या. विरोध झाला तो बराचसा नावाला, चित्रांना आणि पालकांना न विचारता आणलेल्या पुस्तकाला. मुलीला पाळीची माहिती असू नये, किंवा अंगाला कुणी वाईट हात लावला तर तिने गप्प बसावं, असं कोणत्याही आईचं म्हणणं नसतं. ‘लैंगिक शिक्षण’ हा शब्द ऐकला की ‘ते’ शिकवणार असं वाटतं. प्रत्यक्षात त्या तासाला वयात येताना होणारे बदल, पाळी, स्वच्छता, नाही म्हणायचा हक्क, लग्नाचं योग्य वय, आजारांपासून बचाव अशा गोष्टी असतात.

त्याआधीही महाराष्ट्राने असा वाद पाहिला आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचा सल्ला द्यायला सुरुवात केली आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक चालवलं. वाचकांच्या शरीराबद्दलच्या प्रश्नांना ते उत्तरं देत. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, पण १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी मासिक बंद केलं नाही. तेव्हा हे बाहेरच्या देशाचं खूळ आहे असं म्हणता येत नाही. आपल्याच मराठी माणसांनी शंभर वर्षांपूर्वी या विषयाला हात घातला होता.

धर्म या विषयावर गप्प आहे का?

तिसऱ्या भीतीचं उत्तर आपल्या धर्मातच सापडतं.

हिंदूंच्या सोळा संस्कारांत पहिला संस्कार गर्भाधानाचा आहे. पूर्वी मुलीला पदर आला की न्हाणाचा समारंभ व्हायचा, मखरात बसवायचे, ओटी भरायचे. म्हणजे मुलगी वयात आल्याचं अख्ख्या आळीला कळायचं. गुवाहाटीच्या कामाख्या देवीच्या मंदिरात तर दरवर्षी देवीला पाळी आली असं मानून मंदिर तीन दिवस बंद ठेवतात आणि नंतर हजारो भाविक दर्शनाला जातात. आपल्या वारकरी परंपरेत चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई यांनी विटाळ देहातच असेल तर देह सोवळा कसा, असा प्रश्न अभंगातून विचारला, तोही सहाशेहून जास्त वर्षांपूर्वी.

मुस्लिम घरात मुलगी बालिग झाली की नमाज-रोजा तिच्यावर फर्ज होतो. पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते, रोजे नंतर भरून काढायचे असतात, पाळी संपल्यावर गुसल करायचं असतं. हे नियम पाळायचे तर आधी पाळी म्हणजे काय ते मुलीला सांगावंच लागतं. कुराणात पाळीचा उल्लेख आहे. धर्माचं शिक्षण घेणाऱ्या मुली हे मसले शिकतातच.

बौद्ध घरात रोजच्या पंचशीलातलं तिसरं शील याच विषयावर आहे. कॅथलिक चर्चमध्ये लग्नाआधी वधूवरांना शिबिराला बसावं लागतं आणि तिथे संसाराबद्दल, मुलंबाळं होण्याबद्दल बोललं जातं.

म्हणजे धर्माने या विषयाला मर्यादा घातली आहे, तोंड बंद ठेवायला सांगितलेलं नाही. मर्यादा कशाची, हे माहीत नसेल तर मूल ती पाळणार कशी? आणि मर्यादा कोणती, हे सांगायचं काम घराचंच आहे. शाळेने शरीराचं शास्त्र सांगावं, घराने आपले संस्कार सांगावेत. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

गप्प बसल्याची किंमत

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणतात. पण या बाबतीत झाकलेल्या मुठीने बायकांचं फार नुकसान केलं आहे.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास छापून आला आणि जगभर गाजला. तपासलेल्या १०० बायांपैकी ९२ जणींना स्त्रियांच्या अंगातला एखादा तरी आजार होता. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या मात्र १०० मध्ये फक्त ८ होत्या. अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं, खाज, सगळं सोसायचं आणि कुणाला सांगायचं नाही. का? तर असलं बोलायचं नसतं, हे लहानपणी शिकवलेलं. आपल्या गटातसुद्धा अशा दुखण्याने कंबर धरून बसणाऱ्या किती जणी आहेत, ते आपलं आपल्याला माहीत आहे.

दुसरी किंमत लहान वयातल्या लग्नाची. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे पाचातली एक. “पोरगी हाताबाहेर जाईल” या धाकाने आपण घाई करतो. तोडणीला, खडीच्या कामाला किंवा परगावी जाताना वयात आलेली मुलगी मागे ठेवायची कुठे, ही काळजीही असते. पण शरीर कसं चालतं हे ठाऊक नसलेल्या पोरीवर वर्षभरात बाळंतपण येतं, तेव्हा तिचाही जीव धोक्यात आणि बाळाचाही.

तिसरी किंमत सगळ्यात जड. लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसते. दर १०० पैकी ९० हून जास्त प्रकरणांत अत्याचार करणारा ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा, कधी शिकवणारा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन चिमुकल्या मुलींबाबत जे घडलं, त्याने सगळा महाराष्ट्र हादरला. अशा वेळी मुलांकडे एकच हत्यार असतं. आपल्या अंगाच्या त्या भागाला काय म्हणतात हे माहीत असणं आणि आईला सांगितलं तर आई मारणार नाही याची खात्री असणं. ज्या घरात हा विषय काढायचाच नाही असा नियम असतो, तिथे मूल मुकाट सोसतं. वाईट माणसाला अशीच मुलं हवी असतात.

आणि मोबाईल विसरू नका. आपण सांगितलं नाही म्हणून पोरांना कळणार नाही, असे दिवस गेले. त्यांना कळतं, पण घाणेरड्या व्हिडिओतून, चुकीचं आणि अर्धवट.

माहिती दिली तर पोरं बिघडतात का?

पहिल्या भीतीचं उत्तर अनुभवाने मिळालेलं आहे. युनेस्को या जागतिक संस्थेने अनेक देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला. वयाला शोभेल अशी माहिती दिल्याने मुलं लवकर संबंध ठेवू लागतात, असं त्यात दिसलं नाही. उलट मुलं थांबतात, सांभाळून वागतात, असं पुष्कळ ठिकाणी दिसलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २३ सप्टेंबर २०२४ च्या एका निकालात, लैंगिक शिक्षण म्हणजे पाश्चात्त्य कल्पना आणि त्याने मुलं बिघडतात, हा गैरसमज असल्याचं म्हटलं आहे.

जवळचं उदाहरण पैठण तालुक्यातल्या पाचोडचं. तिथल्या आरोग्य संस्थेने गावागावांत १२ ते १८ वयाच्या बिनलग्नाच्या मुलींसाठी वर्षभराचा वर्ग चालवला. रोज संध्याकाळी एक तास. शिकवायला कोण? गावातल्याच, निदान सातवी शिकलेल्या बाया. शरीर, आरोग्य, पोषण, कायदा, बँक, पोस्ट, सगळं त्यात होतं. पालकांना विश्वासात घेऊन हे केलं. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या मुलींच्या लग्नाचं मधलं वय १६ वरून १७ वर गेलं. एका वर्षाने काय होतं, असं वाटेल. पण मुलीच्या दहावी-अकरावीचं ते एक वर्ष असतं.

पाचोडच्या मुली बिघडल्या नाहीत, त्यांची लग्नंही अडली नाहीत. चौथ्या भीतीचं उत्तरही यातच आलं.

पालक म्हणून आपला हक्क

आता दुसरी रास्त भीती. कोण, काय, कसं शिकवणार? हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. म्हणजे आपल्या गटातली एखादी ताई त्या समितीत असणारच. तिने बैठकीत हे मुद्दे मांडावेत:

१. मुलांना शिकवायच्या आधी आयांची सभा घ्या. पुस्तक, चित्रं, व्हिडिओ आम्हाला दाखवा.

२. पाळीची माहिती मुलींना वेगळं बसवून बाई शिक्षिका, आशाताई किंवा नर्सबाई यांनी द्यावी. मुलांना पुरुष शिक्षकांनी. मुलांचा तास मात्र गाळू नका, त्यांनाही शिकवणं तितकंच गरजेचं आहे.

३. कोणत्या इयत्तेला काय सांगणार, ते आधी ठरवा.

४. आपल्या मुलांना प्रश्न विचारता येतील अशी चिठ्ठ्यांची पेटी ठेवा.

५. सखी सावित्री समिती शाळेत आहे का, तिची बैठक होते का, ते विचारा. २०२२ च्या शासन निर्णयाने ती प्रत्येक शाळेत असायला हवी.

आणखी एक करा. दहावीचं विज्ञानाचं भाग २ चं पुस्तक घरात असेल तर उघडा. ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’ या पाठात माणसाची प्रजननसंस्था, पाळीचं चक्र सगळं दिलेलं आहे. तो पाठ बऱ्याचदा “घरी वाचा” म्हणून सोडला जातो. तो आपण स्वतः वाचा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एक गोष्ट मात्र अडवू नका. चांगला-वाईट स्पर्श, नाही म्हणणं आणि मोठ्यांना सांगणं, हा भाग कुठल्याही घराच्या मुलाचा चुकता कामा नये.

घरी कसं बोलायचं?

पाच-सहा वर्षांचं लेकरू: अंघोळ घालताना शरीराच्या सगळ्या भागांची नावं सांगा. “चड्डीच्या आतल्या जागेला कुणी हात लावायचा नाही. आई-आजी धुताना आणि आई समोर असताना डॉक्टर तपासतील तेवढंच. दुसऱ्या कुणी लावला तर नाही म्हण, तिथून पळ, मला येऊन सांग. मी रागवणार नाही.” मुलग्यालाही हेच सांगा.

नऊ-दहा वर्षांची मुलगी: पाळी यायच्या आधी सांगा. आल्यावर सांगितलं तर पोरगी घाबरते, आपल्याला मोठा आजार झाला असं तिला वाटतं. “गर्भाशयात दर महिन्याला बाळासाठी अस्तर तयार होतं. बाळ नसलं की ते बाहेर पडतं. ते घाण रक्त नसतं.” पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, कापड असेल तर साबणाने धुऊन उन्हात वाळवायचं. देवघराचे नियम प्रत्येक घराचे वेगळे, ते घराने ठरवावेत. पण त्या दिवसांत मुलीचं पोटभर जेवण, अंघोळ, कोरडी झोपायची जागा आणि शाळा बंद होता कामा नये.

त्याच वयाचा मुलगा: आवाज फुटतो, मिसरूड फुटतं, झोपेत कपडे ओले होतात. हे वडिलांनी, मामाने, काकाने सांगावं. “हे सगळ्यांना होतं, आजार नाही.” आणि बहिणीच्या पाळीची चेष्टा करायची नाही, हेही सांगावं.

तेरा वर्षांपुढे: कुणी आवडणं हे वयाचं लक्षण आहे, गुन्हा नाही. पण मोबाईलवर कुणालाही अंगाचे फोटो पाठवायचे नाहीत. कुणी नाही म्हटलं तर ते नाहीच. अठराच्या आत संबंध आले तर मुलीच्या संमतीने असले तरी कायद्याने गुन्हा ठरतो. आपल्या घराचे नियम काय आणि ते का, हेही याच वेळी शांतपणे सांगा. नुसतं “आपल्यात चालत नाही” म्हटलं तर पोरं ऐकत नाहीत.

मुलाने काही सांगितलं तर

आधी विश्वास ठेवा. “तू तिथे गेलीसच कशाला?” हे वाक्य तोंडातून काढू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन नंबर आहे, पोलिसांसाठी ११२. पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि तो मुलगा-मुलगी दोघांसाठी आहे. असा गुन्हा कळूनही न सांगणं हासुद्धा गुन्हा आहे. अब्रूची काळजी वाटते ना? कायदा ती सांभाळतो. मुलाचं नाव छापता येत नाही. जबाब घरी येऊन घेतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि त्या वर्दीत नसतात.

वयात येण्याच्या तक्रारींसाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुला-मुलींचे ‘मैत्री’ क्लिनिक असतात. आपल्या जवळ कुठे आणि कोणत्या वारी, ते आशाताईंना विचारा.

पुढच्या बैठकीसाठी

पुढच्या मासिक बैठकीत हिशेब झाल्यावर वीस मिनिटं या विषयाला ठेवा. गोल बसा आणि प्रत्येकीने एकाच प्रश्नाचं उत्तर द्या: मला पहिली पाळी आली तेव्हा कुणी काय सांगितलं होतं? मग ठरवा, आपल्या लेकींना आपण काय सांगणार आणि शाळेने काय सांगावं असं वाटतं. ते सचिव ताईंनी कार्यवाहीच्या वहीत लिहून घ्यावं आणि ग्रामसंघातर्फे शाळेला द्यावं.